डिक्शनरी घेताय? आधी ‘रन’ उघडून बघा

डिक्शनरी चांगली की वाईट हे बघायला बहुतेक जण एखादा लांबलचक, जीभ अडखळेल असा शब्द शोधतात, तो सापडला की खूश. त्यानं काहीही कळत नाही. अवघड शब्दाला बहुतेक वेळा एकच अर्थ असतो आणि तो कुठलीही डिक्शनरी एका ओळीत देऊन मोकळी होते. डिक्शनरीला खरा घाम फुटतो तो ‘रन’सारख्या शब्दापाशी. इंग्रजीत मोजून तीन अक्षरं, अगदी लहान पोराला पण येणारा शब्द, आणि बघायला गेलं तर माणूस पळतो तेही रन, नळ वाहतो तेही रन, सर्दीत नाक गळतं तेही रन, धुताना एका कपड्याचा रंग दुसऱ्याला लागतो तेही रन, कंपनी चालवणं रन, मशीन चालू असणं रन, बस दर दहा मिनिटांनी असणं रन, पेपरात बातमी छापणं रन, अंगात ताप असणं रन, इलेक्शनला उभं राहणं रन, प्रोग्राम चालवणं रन, आणि क्रिकेटमधला रन तर सांगायलाच नको.

म्हणून मी रिव्ह्यूसाठी एवढा एकच शब्द घेतला आणि पाच मोठ्या डिक्शनऱ्यांत त्याची एंट्री नीट वाचली. ओईडी म्हणजे मोठी ऑक्सफर्ड, मेरियम-वेबस्टर, ऑक्सफर्डचीच ॲडव्हान्स्ड लर्नर्स, लाँगमन आणि कॉलिन्स कोबिल्ड. अर्थ किती दिलेत हे मी मोजायला बसलो नाही. मला बघायचं होतं की एखादं वाक्य वाचताना ‘रन’पाशी अडलेल्या माणसाला त्याचा अर्थ किती पटकन सापडतो, आणि सापडल्यावर तो शब्द स्वतः वापरता येईल इतकं कळतं का. माझ्या मते डिक्शनरीचं काम एवढंच आहे, बाकी सगळी सजावट.

ओईडीपासून सुरुवात करू, कारण तिचा विषय निघाला की लोक लगेच आकडे टाकतात. पूर्वी इंग्रजीतला सगळ्यात जास्त अर्थांचा शब्द म्हणून ‘सेट’चं नाव घेत. १९८९ च्या दुसऱ्या आवृत्तीत, ती वीस खंडांची, ‘सेट’ या क्रियापदाला ४३० अर्थ होते आणि एंट्री साठ हजार शब्दांची होती, म्हणजे एक छोटं पुस्तकच. मग तिसऱ्या आवृत्तीचं काम सुरू झालं, ते ए पासून नाही तर एम पासून, त्यामुळे २००० साली आधी ‘मेक’ पुढे गेला, २००७ ला ‘पुट’, आणि २०११ ला ‘रन’नं सगळ्यांना मागे टाकलं. ६४५ अर्थ, आणि ते फक्त क्रियापदाचे, नामाची एंट्री वेगळीच. पीटर गिलिव्हर नावाच्या संपादकांनी या एका शब्दावर नऊ महिने घालवले. नऊ महिने! त्याआधी १७५५ साली सॅम्युएल जॉन्सननं एकहाती डिक्शनरी काढली होती तेव्हा ‘टेक’ला १३४ अर्थ दिले होते, म्हणजे हा खेळ जुनाच आहे.

आता ‘रन’ पुढे का गेला? मला तरी वाटतं यंत्रांमुळे. घड्याळ, इंजिन, गाड्या, कारखाना आणि मग कॉम्प्युटर, जे जे नवीन आलं ते ते इंग्रजीत ‘रन’ व्हायला लागलं, आणि पायाने पळायचा मूळ अर्थ बिचारा कोपऱ्यात गेला.

वाचायला म्हणाल तर ओईडीची ही एंट्री म्हणजे मेजवानी आहे. प्रत्येक अर्थाखाली तो लिखाणात पहिल्यांदा कधी सापडला त्या वर्षापासूनची उदाहरणं ओळीनं लावलेली, आता कुणी वापरत नाही अशा अर्थापुढे कट्यारीसारखी छोटी खूण, अकर्मक वेगळं, सकर्मक वेगळं, वाक्प्रचार वेगळे. पण ज्याला आत्ता या क्षणी ‘द कॉन्ट्रॅक्ट रन्स फॉर टू इयर्स’ म्हणजे काय ते हवंय त्यानं इथे येऊच नये, कारण रचना सगळी इतिहासाच्या क्रमानं, त्यामुळे आजचा अर्थ गाठेपर्यंत तुम्ही चार-पाच शतकं ओलांडता, मध्येच कुठल्यातरी जुन्या जहाजाच्या वाक्यात गुंतता आणि आपण कशासाठी आलो होतो तेच विसरता. शिवाय ती पूर्ण बघायला वर्गणी लागते. ज्यांना युनिव्हर्सिटीचं किंवा लायब्ररीचं लॉगिन आहे त्यांनी जरूर उघडावी, बाकीच्यांनी तिच्यासाठी खिशाला चाट लावायची गरज नाही. ६४५ हा आकडा गप्पांत टाकायला छान आहे, शिकणाऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

मेरियम-वेबस्टर फुकट आहे आणि अमेरिकन इंग्रजीसाठी तिला तोड नाही. तिच्या ‘रन’ची पहिलीच व्याख्या मला फार आवडली. पळणं म्हणजे चालण्यापेक्षा जोरात जाणं, एवढं म्हणून ती थांबत नाही, पुढे म्हणते की दर पावलाला क्षणभर दोन्ही पाय जमिनीवरून सुटले पाहिजेत. बघा, किती नेमकं आहे ते! चालण्याच्या शर्यतीत भरभर जाणारा माणूस सावकाश पळणाऱ्यापेक्षा वेगानं जातो की, मग फरक कुठे, तर पाय सुटण्यात. ही व्याख्या ज्यानं लिहिली असेल त्यानं लोकांचे पाय बराच वेळ बघितले असणार.

पण पुढे गेलं की गडबड होते. एक, मग एक-ए, मग त्यात कंसात एक, दोन, असे आकडे आणि अक्षरं एकमेकांत घुसलेली, आणि हीसुद्धा अर्थ साधारण इतिहासाच्या क्रमानं लावते हे बऱ्याच जणांना माहितीच नसतं, त्यामुळे पहिला अर्थ म्हणजे सगळ्यात जास्त वापरातला असं समजून लोक तो उचलतात. ‘रन’च्या बाबतीत खपून जातं कारण पळणं जुनंही आहे आणि वापरातलंही, पण सगळ्या शब्दांचं तसं नसतं. ज्याचं इंग्रजी आधीच पक्कं आहे त्याच्यासाठी ही मस्त. नवशिक्याला देऊ नका.

आता शिकणाऱ्यांसाठीच्या तीन. खरी लढत इथे आहे.

लाँगमनची पहिली आवृत्ती १९७८ ची, आणि तिची मोठी गोष्ट म्हणजे सगळ्या व्याख्या साधारण दोन हजार सोप्या शब्दांतच लिहायच्या असा नियम. म्हणजे एक शब्द बघायला गेलो आणि त्याच्या व्याख्येतले तीन शब्द परत शोधत बसलो, असं होत नाही. ‘रन’सारख्या एंट्रीत मात्र हिची दुसरी एक सोय जास्त कामाची आहे, प्रत्येक अर्थाच्या सुरुवातीला एक-दोन शब्दांचा ठळक मथळा असतो. शर्यत, व्यवस्था बघणं, बस-गाड्या, कॉम्प्युटर, बातम्या, इलेक्शन असे मथळे. तुम्ही वाक्य वाचताय, त्यात ट्रेन आहे, मग बाकीचं न वाचता थेट गाड्यांच्या मथळ्यावर जा, झालं काम. कुठला ‘रन’ हवाय हे आपल्याला आधी माहिती नसतं, पण वाक्य कशाबद्दल आहे ते तर माहिती असतंच ना, त्याचाच फायदा त्यांनी घेतलाय. इतकी साधी गोष्ट आणि तरी बऱ्याच डिक्शनऱ्यांना सुचत नाही. शोधण्यात लाँगमन पहिली, निर्विवाद. बोलण्यातल्या आणि लिहिण्यातल्या पहिल्या हजार शब्दांत एखादा शब्द येतो का याच्या खुणाही देतात, त्या शिकवणाऱ्यांना जास्त उपयोगी.

कोबिल्ड थोडी विचित्र आहे आणि मला तीच सगळ्यात जास्त आवडली. १९८७ साली बर्मिंगहॅम युनिव्हर्सिटीतल्या जॉन सिंक्लेअर यांच्या टीमनं ती काढली, लोक खरंच काय लिहितात-बोलतात त्याचा मोठा साठा कॉम्प्युटरवर जमवून त्यातून अर्थ शोधले. तेव्हा हे नवीन होतं, आता सगळेच करतात. पण तिचं वेगळेपण व्याख्येत आहे, कारण इथे व्याख्या तुकड्यात नसते, पूर्ण वाक्यात असते. तुम्ही पळता तेव्हा चालण्यापेक्षा जास्त वेगानं जाता, घाई असते म्हणून किंवा व्यायाम म्हणून, असं सरळ समोर बसून सांगितल्यासारखं. पाय हवेत सुटतात वगैरे भानगड नाही. शास्त्राच्या हिशोबानं मेरियम जास्त बरोबर असेल पण ‘घाई असते म्हणून’ या तीन शब्दांत माणूस दिसतो.

आणि पूर्ण वाक्यामुळे एक मोठी गोष्ट आपोआप होते. ‘रन’चा अर्थ ठरतो तो कोण रन करतंय आणि कशाला, यावर. पुढे बिझनेस आला की चालवणं, बाथ आली की टबात पाणी सोडणं, टेम्परेचर आलं की ताप असणं, रिस्क आली की धोका पत्करणं, माणूस आणि होम आलं की गाडीनं घरी सोडणं. नुसतं ‘चालवणे’ लिहून हे कळत नाही. कोबिल्डमध्ये मात्र व्याख्याच ‘तुम्ही एखादा बिझनेस रन करता तेव्हा’ अशी सुरू होते, म्हणजे शब्दाचे शेजारी पण सोबतच मिळतात आणि मग आपण चुकून दुसऱ्याच्या शेजारी नेऊन बसवत नाही. तक्रार एवढीच की हे सगळं वाचायला वेळ लागतो, ‘तुम्ही जेव्हा’, ‘एखादी वस्तू जर’ हे परत परत येऊन कंटाळा येतो, आणि कॉलिन्सच्या साइटवर कोबिल्डच्या खाली ब्रिटिश आणि अमेरिकन अशा अजून दोन डिक्शनऱ्यांच्या एंट्री लावलेल्या असतात, त्यामुळे ‘रन’चं पान स्क्रोल करता करता अंगठा दुखतो. वरचा भाग वाचा आणि थांबा.

ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्सची जन्मकथा भारी आहे. ए. एस. हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, तिथल्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी आणि सहकाऱ्यांनी हे काम केलं आणि पहिल्यांदा ती १९४२ साली जपानमध्येच छापली गेली, ऑक्सफर्डनं नंतर १९४८ ला काढली. परक्या माणसाला इंग्रजी वाक्य बांधताना कुठे ठेच लागते हे वर्गात उभं राहून बघितलेला माणूस होता तो, आणि अजूनही या डिक्शनरीत ते जाणवतं. अकर्मक, सकर्मक, पुढे काय येतं त्याचा साचा, सगळं अर्थाला चिकटवून दिलेलं. एकाच शब्दाच्या वेगवेगळ्या अर्थांना वेबवर ए१, बी२ असे लेव्हलचे शिक्के आहेत, म्हणजे पळण्याचा ‘रन’ पहिल्या पायरीवर आणि बाकीचे हळूहळू वर, त्यामुळे शिकणाऱ्याला कळतं की आज सगळे अर्थ पाठ करायची गरज नाही.

ब्रिटिश-अमेरिकन फरकही हिच्यात व्यवस्थित. इलेक्शनचा ‘रन’ मुख्यतः अमेरिकन, ब्रिटिश त्यासाठी ‘स्टँड’ म्हणतात. हे वाचून मला हसू आलं, अमेरिकेतला उमेदवार पळतो, ब्रिटनमधला उभा राहतो, आणि मराठीतला पण उभाच राहतो. स्टॉकिंग उसवून जी उभी रेघ पडते ती पण अमेरिकनांसाठी रन, ब्रिटिशांसाठी लॅडर. एकच डिक्शनरी ठेवायची झाली तर मी हीच ठेवीन, कुठल्याच बाबतीत ती सगळ्यात पुढे नाही पण कुठेच नापासही होत नाही.

मध्येच एका फुकट ॲपबद्दल. नाव घेत नाही, असली खंडीभर आहेत, इंग्रजी शब्द टाका मराठी अर्थ घ्या. ‘रन’ टाकलं तर ‘धावणे’, संपलं. खाली उदाहरण म्हणून वाक्य भाषांतर करून देतात त्यात नाकाला सर्दी व्हायच्या ऐवजी नाक धावायला लागलं. हसून सोडून दिलं असतं, पण हीच ॲप मुलांच्या मोबाइलवर असतात. इंग्रजीचा एक शब्द मराठीचा एक शब्द असा हिशोब बसतच नाही हो. उलटं करून बघा ना, आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागते, आग लागते, नोकरी लागते, ठेच लागते, वेळ लागतो, लग्न लागतं, नाद लागतो, निकाल लागतो, झोप लागते, दिवे लागतात, आणि काहीच नाही तर कुणाचंतरी बोलणं मनाला लागतं. आता याला इंग्रजीत एक शब्द द्या म्हणावं. ‘रन’चंही तेच, मराठीत त्याची वाटणी साधारण चारेक क्रियापदांत होते, पाय असले की पळणं, पातळ असलं की वाहणं, दुकान-मशीन-नाटक-बस असलं की चालणं किंवा चालवणं, आणि उरलेले फुटकळ. द्विभाषिक ॲपनं निदान एवढी वाटणी करून दाखवली असती तरी मी त्याला चांगलं म्हटलं असतं.

आता फ्रेझल व्हर्ब्ज, म्हणजे ‘रन’च्या पुढे एक छोटा शब्द आला की अर्थ पार बदलतो ते प्रकरण. इथे नुसतं ‘रन डाऊन’ तपासा. गाडीनं एखाद्याला उडवणं, एखाद्याची मागे नालस्ती करणं, बॅटरी उतरणं, एखादा उद्योग हळूहळू बंद करत आणणं, बरंच शोधून शेवटी सापडवणं, आणि विशेषण म्हणून आलं तर थकलेला माणूस किंवा पडायला आलेली इमारत. सगळं एकाच ‘रन डाऊन’मध्ये! ‘रन ओव्हर’ पण तसंच, गाडीखाली येणं आणि मीटिंग वेळेपेक्षा लांबणं, दोन्ही. मीटिंगमध्ये ‘वी रॅन ओव्हर’ ऐकून कुणी घाबरायची गरज नाही.

या परीक्षेत तिन्ही लर्नर्स डिक्शनऱ्या पास. पण जागा नीट बघा, पुस्तकात फ्रेझल व्हर्ब्ज मुख्य एंट्री संपल्यावर वेगळे दिलेले असतात आणि घाईत माणूस वरच्याच अर्थांत शोधत बसतो. मुलांना डिक्शनरी घेऊन देणाऱ्यांनी हे एकदा दाखवून द्यावं, नाहीतर पोरं ‘सापडत नाही’ म्हणून परत त्या ॲपवर जातात. अजून एक, कर्म कुठे बसतं ते. ‘रन डाऊन’मध्ये कर्म मध्ये घालता येतं, ‘रन इन्टू’मध्ये नाही येत. हे सगळ्यात स्वच्छ ऑक्सफर्ड लर्नर्स आणि लाँगमन सांगतात, मेरियमकडून ही अपेक्षाच ठेवू नका, ती त्यासाठी लिहिलेलीच नाही.

छापील घ्यावी की वेबवर भागवावं असं विचाराल तर शब्द शोधायला वेब, उच्चारही ऐकायला मिळतो, ब्रिटिश वेगळा अमेरिकन वेगळा. फुकट साइटवर जाहिराती असतात, त्या सहन करा. पण ‘रन’सारखा शब्द एकदा तरी कागदावर पूर्ण बघावा असं मला वाटतं, मोबाइलवर एका वेळी दोन-तीन अर्थ दिसतात, पानावर पूर्ण कुटुंब एकत्र दिसतं आणि मग लक्षात येतं की पळणं, वाहणं, चालू राहणं या सगळ्यात थांबत नाही असं काहीतरी समान आहे. नाटक सहा महिने रन होतं, करार दोन वर्षं रन होतो, एखादा गुण घराण्यात रन होतो, रस्ता नदीच्या कडेनं रन होतो. रस्ता बिचारा जागचा हलत नाही पण नजर पुढे पुढे जाते ना.

नामाकडे लोक बघतच नाहीत, तिथे पण खजिना आहे. बँक बुडेल या भीतीनं सगळे एकदम पैसे काढायला धावतात तो बँकेवरचा रन, पुस्तकाच्या जेवढ्या प्रती एका वेळी छापल्या तो प्रिंट रन, कोंबड्यांना फिरायला केलेली जाळीची जागा म्हणजे चिकन रन, बर्फावरून घसरायचा उतार म्हणजे स्की रन, खऱ्या कामाआधीची रंगीत तालीम म्हणजे ड्राय रन. आणि त्यातच एक अनेकवचनी ‘द रन्स’ बसलेला आहे, म्हणजे पोट बिघडून सारखं पळावं लागणं. लर्नर्स डिक्शनऱ्यांनी त्यावर अनौपचारिक असा शिक्का मारलाय तो बरं केलं, कारण बॉसला मेलमध्ये ‘आय हॅड अ गुड रन’ लिहिणं वेगळं आणि ‘आय हॅड द रन्स’ लिहिणं फार वेगळं.